मोबाइलमधील सहावा गठ्ठा

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित केले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या या कायद्याच्या अंमलबजावणीचा मार्ग सव्वादोन वर्षांनी मोकळा झाला. काही नियम तत्काळ, काही एका वर्षाने आणि नागरिकांच्या दृष्टीने महत्त्वाचे बहुतेक नियम अठरा महिन्यांनी लागू व्हावेत, अशी त्यांची योजना आहे. नागरिकाने संमती मागे घेतली, किंवा ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले, की अन्य कायद्याची आडकाठी नसल्यास ती पुसून टाकली पाहिजे, हे या कायद्याचे एक प्रमुख सूत्र आहे. त्यावर जी चर्चा झाली ती मुख्यतः कंपन्यांच्या सर्व्हरवर साठलेल्या माहितीची. परंतु त्याच माहितीची एक प्रत नागरिकाच्या हातातील मोबाइलमध्येही असते. तिची विल्हेवाट कोणी आणि कशी लावावयाची, हा प्रश्न मात्र मागेच राहिला आहे.

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत काम केलेल्या कोणालाही सहा गठ्ठे पद्धत परिचित असते. कागदांची वर्गवारी करून ते सहा गठ्ठ्यांत ठेवावयाचे आणि मुदत संपल्यावर नष्ट करावयाच्या ‘ड’ वर्गाच्या कागदांसाठी सहावा गठ्ठा राखून ठेवावयाचा, ही तिच्यातील शिस्त. ही शिस्त किती कार्यालयांत पाळली जाते, हा वेगळा विषय होईल. तथापि कागद जपणे हे जसे दप्तराचे काम आहे, तसेच तो वेळेवर नष्ट करणे हेही त्याचेच काम आहे, हे तत्त्व त्या पद्धतीत मान्य केलेले आहे. मोबाइलवर चालणारी अ‍ॅप्स तयार करताना नेमका हा सहावा गठ्ठा विसरला जातो.

मोबाइलमधील प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची एक बंदिस्त खोली मिळते. दुसऱ्या अ‍ॅपला सहसा तिच्यात डोकावता येत नाही. या खोलीत वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी, छोटासा माहितीकोश, उतरवून घेतलेली चित्रे व कागदपत्रे, आणि पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारावा लागू नये म्हणून ठेवलेली ओळखीची खूण, असा ऐवज साठत जातो. साठविण्यामागे सबळ कारणे आहेत. नेटवर्क नसलेल्या गावात काम अडू नये, तीच चित्रे रोज नव्याने आणून ग्राहकाचा डेटा खर्ची पडू नये, अ‍ॅप चटकन उघडावे, ही ती कारणे होत. साठविण्यात दोष नाही. साठविण्याची व्यवस्था पहिल्या दिवशी आखली जाते आणि पुसण्याची शेवटच्या दिवशी, किंवा कधीच नाही, हा खरा दोष आहे.

वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर गोंधळ अधिकच वाढतो. ‘लॉग आउट’, ‘क्लिअर कॅश’, ‘क्लिअर स्टोरेज’, ‘अनइन्स्टॉल’ आणि ‘डिलीट अकाउंट’ या पाच शब्दांचा अर्थ सामान्य माणसाला एकच वाटतो, आणि तो म्हणजे आपले येथील खाते मिटले. वस्तुतः हे पाच वेगळे व्यवहार आहेत. लॉग आउट केल्याने दार लागते, पण आतील ऐवज पुसलाच जातो असे नाही. तो पुसावयाचा की नाही हे अ‍ॅप तयार करणाऱ्याच्या मर्जीवर असते. कॅश साफ केल्याने तात्पुरता पसारा तेवढा जातो. अँड्रॉइडमध्ये स्टोरेज साफ केल्यास अ‍ॅपची खोली रिकामी होते, परंतु डाउनलोडच्या किंवा छायाचित्रांच्या सामाईक जागेत ठेवलेली फाइल तेथेच राहते. आयफोनमध्ये २०१७ पासून अ‍ॅप ‘ऑफलोड’ करण्याची सोय आहे. तीत अ‍ॅप जाते आणि माहिती मुद्दाम राखली जाते. अ‍ॅप पूर्णपणे काढून टाकले तरी पासवर्ड व खुणा ठेवण्याच्या ‘कीचेन’ या तिजोरीतील नोंदी मागे उरू शकतात आणि तेच अ‍ॅप पुन्हा घेतल्यावर त्याच्या हाती लागतात. अकाउंट डिलीट केल्याने सर्व्हरवरील खाते मिटते, पण मोबाइलमधील प्रतीचे काय, हे पुन्हा अनिश्चितच.

यापुढची पायरी तर बहुतेकांच्या नजरेसही येत नाही. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, अ‍ॅपमधील माहितीची प्रत आपोआप वापरणाऱ्याच्या गूगल खात्यात जपली जाते. प्रत्येक अ‍ॅपसाठी तिची मर्यादा २५ एमबी आहे. कोणती माहिती या प्रतीतून वगळावयाची हे अ‍ॅप तयार करणाऱ्याने सांगावे लागते. त्याने सांगितले नाही, तर अ‍ॅप काढून पुन्हा बसविताच जुनी माहिती परत अवतरू शकते. मोबाइलमधील माहितीकोशासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसक्यूलाइट या प्रणालीतही, नोंद पुसण्याची आज्ञा दिल्यावर सामान्यतः ती जागा केवळ ‘रिकामी’ म्हणून गणली जाते. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तसाच राहू शकतो. रजिस्टरमधील नाव खोडले, पण पान फाडले नाही, असा हा प्रकार आहे.

यात बिघडले कोठे, असे कोणी विचारील. मोबाइल ज्याचा, माहितीही त्याचीच. परंतु भारतातील मोबाइल बहुधा एकाच माणसाचा नसतो. आईच्या मोबाइलवर मुलांचा अभ्यास चालतो, घरातील एकच चांगला फोन तिघांच्या हाती फिरतो, आणि जुना झाला की तो धाकट्याकडे किंवा दुकानात जातो. दूर कोठेतरी असलेल्या सर्व्हरवरील माहिती अनोळखी माणसाच्या हाती पडण्याची भीती असते. मोबाइलमधील माहिती मात्र ओळखीच्याच माणसाच्या हाती पडते. एखाद्या स्त्रीने घेतलेला वैद्यकीय सल्ला, एखाद्या कारकुनाने अडचणीत काढलेले कर्ज, एखाद्या विद्यार्थ्याने समुपदेशकाशी केलेले बोलणे, या गोष्टी ज्यांच्यापासून लपवावयाच्या असतात ती माणसे बहुधा त्याच घरात असतात. अशा व्यक्तीने लॉग आउट केले ते विश्वासाने केलेले असते. तो विश्वास खोटा ठरला तर तिला होणारी इजा कोणत्याही दंडाने भरून निघत नाही.

जुन्या फोनांच्या बाबतीत तर प्रत्यक्ष पुरावाच पुढे आलेला आहे. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन या संशोधकांनी २०१५ मध्ये पाच उत्पादकांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले. ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यानंतरही त्यांतून पूर्वीच्या मालकांची माहिती परत मिळविता येते, असे त्यांना आढळले आणि ५० कोटींपर्यंत उपकरणांत हा दोष असावा, असा अंदाज त्यांनी वर्तविला. त्यानंतर साठवण सांकेतिक स्वरूपात ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून नव्या अँड्रॉइड फोनांना ती अनिवार्य झाली. त्यामुळे संपूर्ण फोन पुसणे बरेच सुरक्षित झाले, कारण किल्ली नष्ट केली की उरलेला मजकूर निरर्थक होतो. पण हा इलाज संपूर्ण फोनापुरता आहे. फोन चालूच ठेवून त्यातील एका अ‍ॅपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याचा लाभ होत नाही.

सरकारनेही हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल मोठ्या संख्येने परत केले. त्या वेळचा वाद निकृष्ट फोनांचा आणि ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपमधील इंग्रजीचा होता. तथापि सार्वजनिक कामाचा फोन एका हातातून दुसऱ्या हाती कसा जातो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. माता आणि बालके यांच्या नोंदी ज्या फोनवरून केल्या जातात, तो परत घेताना पुसण्याची ठरलेली रीत असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. सेविका किंवा शिक्षक दुर्गम भागात दिवसभर नोंदी भरतात. नेटवर्क नसल्याने त्या फोनमध्येच राहतात. अशा वेळी लॉग आउट करताच सारे पुसले गेले, तर दिवसभराचे श्रम वाया जातील. म्हणून सरसकट पुसणे हा उपाय होऊ शकत नाही. आधी नोंदी पाठवाव्यात, त्या पोहोचल्याची खातरजमा करावी आणि मग पुसावे, हा क्रम अ‍ॅपनेच पाळला पाहिजे. आणि न पाठविलेले काही शिल्लक असेल, तर वापरणाऱ्याला ते त्याच्या भाषेत सांगून निर्णय त्याच्यावर सोपविला पाहिजे. हे काम कष्टाचे आहे, पण अशक्य नाही. अँड्रॉइडमध्ये तर २०१३ पासून अ‍ॅपला स्वतःची संपूर्ण खोली एका आज्ञेने रिकामी करता येते. साधन हाताशी आहे. ते केव्हा वापरावे याचा विचार मात्र करावा लागतो.

नियमनाचा ओघ या दिशेने आहे, पण तो अजून अर्ध्या वाटेवर आहे. अ‍ॅपलने जून २०२२ अखेरपासून, आणि पुढे गूगलने, ज्या अ‍ॅपमध्ये खाते उघडता येते त्यात ते मिटविण्याचीही सोय असावी, असा दंडक घातला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सना फोनमधील फाइली, संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई केली आणि कर्जदाराला आपली माहिती पुसावयास लावण्याचा पर्याय दिला. नव्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना तीन वर्षे न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती, त्याला ४८ तास आधी कळवून, पुसण्यास सांगितले आहे. त्याच नियमांत काही माहिती आणि नोंदी किमान एक वर्ष राखण्याचेही बंधन आहे. या बंधनाकडे बोट दाखवून पुसण्यास टाळाटाळ होण्याचा संभव आहे. परंतु तपासासाठी राखावयाची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. तेवढ्यासाठी घरातील फोनमध्ये प्रत शिल्लक ठेवण्याची गरज पडत नाही.

तेव्हा माहिती संरक्षण मंडळाने आणि केंद्र सरकारने एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगावी: ‘पुसणे’ या शब्दात उपकरणातील प्रत आणि तिचा बॅकअप या दोहोंचा समावेश होतो. लॉग आउट करताना ‘या फोनमधील माहितीही पुसावयाची काय?’ हा प्रश्न मराठीसह वापरणाऱ्याच्या भाषेत विचारला जावा आणि सामाईक फोनवर त्याचे उत्तर मुळातच ‘होय’ असे धरले जावे. राज्य सरकारला तर यासाठी कायद्याच्या मुदतीची वाट पाहण्याचेही कारण नाही. शिक्षक, तलाठी, सेविका यांच्या हाती जी अ‍ॅप्स दिली जातात, त्यांच्या निविदेत ही अट आजच घालता येईल. कागदाचा सहावा गठ्ठा बांधण्याची सक्ती जे शासन आपल्या लिपिकावर करते, त्याने तीच अपेक्षा आपल्या अ‍ॅपकडूनही करावी, यात अधिक काही मागितले जात नाही.