जॅक प्लेटचा स्टॉक करायचा का? आधी कस्टमरची बोट बघा!

कोकण किनाऱ्यावर आऊटबोर्ड इंजिनाच्या पार्ट्सचं दुकान टाकायचं ठरवताय? मग अमेरिकन व्हिडिओत दिसणारी जॅक प्लेट तुमच्याही यादीत असणार. दिसायला भारी, मार्जिनही चांगलं वाटतं. माझं मत सरळ सांगतो: जॅक प्लेट ऑर्डर आल्यावर मागवा, आधीच भरून ठेवू नका.

ही करते काय?

बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारा हा ब्रॅकेट. तो इंजिन काही इंच मागे नेतो आणि सरळ वर-खाली करू देतो. टिल्ट केलं की पंखा तिरका होतो. इथे पंखा सरळच राहतो, म्हणून उथळ पाण्यातही ताकद नीट लागते. बोटीच्या मागे पाणी थोडं वर उठतं, त्यामुळे मागे नेलेलं इंजिन उंच बसवता येतं. पाण्याचा अडथळा कमी, वेग जास्त.

मग अडचण कुठे?

हा फायदा मुख्यतः वेगात पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीला मिळतो. आपला बराच कस्टमर जाळी, बर्फ आणि मासळी भरून हळू चालणारा. त्याच्या बोटीचं मागचं टोक आधीच जड, त्यात इंजिन आणखी मागे गेलं की ती अजून बसते. शिवाय लहान इंजिन हँडलने चालवतात. प्लेट सहा इंच मागे गेली की हँडलही सहा इंच लांब जातं. दिवसभर हात ताणून कोण बसणार?

सगळ्यात महागडी चूक म्हणजे इंजिन फार वर घेणं. थंड करणारं पाणी ओढायच्या जाळीत हवा शिरते, इंजिन तापतं, पंखा नुसता फिरतो. खोल समुद्रात इंजिन बंद पडलं तर माणसाचा जीव टांगणीला लागतो. तिथे तुमचं मार्जिन काय कामाचं?

आधी फुकटचा उपाय विका

टेप घेऊन बोटीजवळ जा. ट्रान्सम साधारण १५, २० की २५ इंची? इंजिनाचा शाफ्ट त्याला जुळतो का? पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत आहे का? बोल्टवर बसणाऱ्या मोठ्या इंजिनाच्या ब्रॅकेटला बहुधा पाऊण-पाऊण इंचावर भोकं असतात. एक भोक वर घ्या, रोजचा लोड भरून फेरी मारा, इंजिनातून पाण्याची धार नीट येते का बघा. बऱ्याचदा काम इथेच होतं. मजुरी घ्या, विश्वास कमवा.

प्लेट कोणाला विकायची?

वेगवान फायबर बोटीवर गळाने मासेमारी करणारा, पर्यटकांना फिरवणारा, ओहोटीला खाडीच्या तोंडावरच्या वाळूत अडकणारा कस्टमर. स्टिअरिंगवाली बोट, ट्रान्सम मजबूत. त्यालाही आधी सांगा: प्लेट इंजिनाच्या वजनाला आणि हॉर्सपॉवरला चालणारी हवी, केबल आणि पेट्रोलचा पाइप लांबीला पुरायला हवा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या, प्रत्येक भोक मरीन सीलंटने बंद करा. आत प्लायवूड असेल आणि पाणी शिरलं, तर ट्रान्सम आतून कुजतो.

हिशेब करा

समजा एक प्लेट २०,००० रुपयांना पडते. पाच ठेवल्या की १ लाख अडकले, आणि सीझनमध्ये एकच गेली तर ८०,००० रुपये शेल्फवर धूळ खातात. त्याच पैशात इम्पेलर, स्पार्क प्लग, फ्युएल फिल्टर, गिअर ऑइल, झिंक ठेवा. हे संपतं आणि कस्टमर परत येतो.

पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या आधी तपासणी आणि फिटिंगचं पॅकेज काढा. मोजमाप वहीत लिहून ठेवा, कोणाला प्लेट खरंच लागेल ते ती वहीच सांगेल.

तुमच्या बंदरावर कोणत्या बोटी जास्त आहेत? आज जाऊन दहा मोजा, मगच ऑर्डर द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!