नावं नकोत, आकडे सांगा

उंब्रज कृष्णा-तारळीच्या संगमावर, आणि पुणे-बंगळूर महामार्ग गावाला खेटून. पूर आणि अपघात आमच्या पाचवीलाच पुजलेत. अशा गावात पोलीस ठाणं आणि सरकारी दवाखाना यांनी एकमेकांना काय, कधी, कुणी कळवायचं हे आधी ठरत नसेल, तर आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा रद्दीत घाला.

महामार्गावर रसायनाचा टँकर उलटला असं धरा. त्याच्यावर मोटार वाहन नियमांनुसार धोक्याची पाटी असते, पाटीवर चार आकडी यूएन नंबर. 1005 म्हणजे अमोनिया, 1017 म्हणजे क्लोरीन. ती पाटी आधी दिसते हवालदाराला. तो वाहतूक वळवतो, वरिष्ठांना कळवतो. तेच चार आकडे त्यानं दवाखान्यात फोन करून सांगितले, तर ऑक्सिजन आणि डोळे धुवायला भरपूर पाणी तयार राहील. नाही सांगितले, तर घुसमटलेला पहिला माणूस दारात आल्यावर डॉक्टरनं अंदाज बांधत बसायचं. अपघाताची एमएलसी (मेडिकोलीगल केस) डॉक्टरनं पोलिसांना कळवायलाच लागते. पोलिसानं डॉक्टरला कळवायची मात्र सवयही नाही. जखमींसाठी 108, पोलिसांसाठी 112, आणि मधे कुणीच नाही.

नावांच्या बाबतीत मात्र भलतीच तत्परता! 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत लोकांच्या हातावर शिक्के मारले, आणि रुग्णांच्या नावांच्या याद्या गावोगाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या. माणसं ताप अंगावर काढू लागली, तपासणीला जाईनात. यात नवल कसलं? 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताला नेमलेला रँड आमच्या साताऱ्याचाच असिस्टंट कलेक्टर होता. सोल्जर घरात घुसून रोगी शोधू लागले आणि लोक रोगी लपवू लागले. त्याच वर्षीचा साथरोग कायदा राज्यानं 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढला. कायदा आठवला, त्याची किंमत आठवली नाही.

पोलीस विचारतील, नावाशिवाय बंदोबस्त कसा ठेवायचा? रस्ता बंद करायला, बोट पाठवायला नाव लागत नाही. लागतो वाडीवार आकडा: दिवस भरलेल्या बायका किती, अंथरुणाला खिळलेले किती, डायलिसिसवाले किती. ही माहिती आशाताईच्या वहीत असते. आकडा ठाण्यात द्या, नावं आणि दुखणी वहीतच राहू द्या, आणि माणसं हलवताना तिलाच सोबत घ्या. पण हलवायची ती पाणी चढायच्या आधी. 8 ऑगस्ट 2019 ला, महापुरात, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघाली होती. पाणी गावात शिरल्यावर मिळेल त्या बोटीत चढणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिलेत. जूनच्या आत एक पानी आदेश काढा. ठाण्यातून दवाखान्यात कोण फोन करणार, तो नसेल तर कोण, वाडीवार आकडे कोण देणार, ते कधी ताजे करणार, हे पदानिशी लिहा. आणि रुग्णाचं नाव बाहेर गेलं तर कारवाई कुणावर होणार, तेही त्याच पानावर लिहा.