काउंटरवरचे १२० तास

ओजेटीच्या, म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमातल्या ‘ऑन द जॉब ट्रेनिंग’च्या, प्रमाणपत्रांवर मागे लिहिलं तेव्हा, मी अपवादांवर बोट ठेवतोय असं दोन प्राध्यापकांनी कळवलं होतं. या आठवड्यात समोर आलेलं उदाहरण त्यांनी जरूर वाचावं.

पुण्यातलं एक कॉलेज, बीकॉमचा एकच वर्ग. दोघांनी सुट्टीतल्या कामाचे कागद जमा केले. मुलगा आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर उभा होता, मुलगी एका ऑफिसात इंटर्न होती. तिचे कागद मंजूर झाले, त्याचे परत आले. दुकानदाराचं पत्र चालत नाही, कंपनीचं लेटरहेड हवं, असं त्याला तोंडी सांगितलं.

आता दोघांनी काय केलं ते पाहू. शाळा उघडायच्या सुमारास आप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. मुलगा सकाळी इयत्तेप्रमाणे संच बांधून ठेवायचा. मराठी माध्यम वेगळं, सेमी इंग्रजी वेगळं. गणिताचं एक पुस्तक चुकलं की संध्याकाळी तोच पालक तावातावाने परत येणार. कुठल्या इयत्तेचा साठा संपत आलाय हे मालकाला दुपारी जेवणाआधी सांगायचं, कारण नंतर ठोक व्यापारी फोन उचलत नाही. पुस्तकावर जीएसटी नाही, पेनावर आहे, आणि गिऱ्हाईकाला पावती एकच हवी असते. रात्री शटर अर्धं ओढून रोकड आणि यूपीआयचा मेळ घालायचा. पंधरा रुपये कमी आले तर ते सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. वर्गात साठा, खेळतं भांडवल, रोकडवही हे शब्द त्याने पाठ केले होते, इथे ते त्याच्या हाताखालून गेले. आणि आठवड्याच्या शेवटी पगार हातात पडायचा.

मुलीने काय केलं? एका यादीतले फोन नंबर दुसऱ्या यादीत उतरवले. तिसऱ्या आठवड्यापासून तेही काम उरलं नाही, तेव्हा ती सांगितलेल्या खुर्चीवर बसून राहिली. मोबदला शून्य. बसचं तिकीट स्वतःचं, डबा घरचा. तिला मी जराही दोष देत नाही. तिला कॉलेजने जे सांगितलं तेच तिने केलं. पण ज्या मुलाला सुट्टीत पुढच्या सहामाहीची फी जमवायची आहे, त्याला ही खुर्ची परवडत नाही. बिनपगारी अनुभव ही सुखवस्तू घरांची सोय आहे. त्या सोयीला क्रेडिट द्यायचं आणि पगारी कामाला नाकारायचं, हा उघड अन्याय आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात या प्रशिक्षणाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, चार क्रेडिटचे १२० तास. काउंटरवरच्या मुलाचे तास त्याहून कितीतरी जास्त भरले.

सरकारी योजनांकडे बोट दाखवणाऱ्यांनी त्यांच्या अटी वाचाव्यात. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ साली आली ती बारा महिन्यांची, २१ ते २४ वयोगटासाठी आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना वगळून. त्याच वर्षीच्या राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन होतं, पण शिक्षण चालू असलेला उमेदवार अपात्र. दीड-दोन महिन्यांच्या सुट्टीत काम शोधणाऱ्या मुलाला उरतात ती दुकानं, मंगल कार्यालयं, आंब्याचे स्टॉल, प्रवेशाचे फॉर्म भरून देणारी सायबर केंद्रं. तिथे अनुभव नसला तरी चालतो. ‘किती तारखेपर्यंत येशील?’ एवढंच विचारतात आणि खरं उत्तर दिलं तर ठेवून घेतात. (मुलांनो, दुकानात सकाळी अकराच्या आत जा, गर्दीच्या वेळी मालक मान वर करत नाही. आणि पगाराचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या.)

याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. मुलं शेतात राबायची आणि त्या कष्टावर पदवी घ्यायची. खणलेली जमीन अभ्यासक्रमाशी जुळते का, हे तिथे कुणी तपासलं नाही. मी हे या जागेवर अनेकदा लिहिलंय आणि पुन्हा लिहितो: विशीच्या आत ज्याने गिऱ्हाईकाचे चार शब्द ऐकून घेतलेत, तो पुढे कुठल्याही खुर्चीवर बसला तरी माणसांशी नीट वागतो. याला माझ्याकडे आकडेवारी नाही, पण इतकी वर्षं माणसं पाहतोय त्यावर माझा विश्वास आहे.

कॉलेजांनी ओजेटीच्या फॉर्मात एक रकाना वाढवावा: ‘विद्यार्थ्याला दिलेला मोबदला’. तो कोरा असेल तर मंजुरीआधी प्राध्यापकांनी त्या ऑफिसात एक फोन करून मूल तिथे नेमकं काय करतंय ते विचारावं. दुकानदार दुकानाचा शिक्का मारून हजेरीचं पत्र देत असेल तर ते घ्यावं. शंका आलीच तर आप्पा बळवंत चौक काही लांब नाही, जाऊन पाहता येतं. त्या मुलाने कॉलेजला पुन्हा अर्ज दिलाय, सोबत दुकानाच्या हजेरीवहीची झेरॉक्स जोडून. अजून उत्तर आलेलं नाही.