एकक हरवलेला आकडा आणि पत्ता हरवलेले पोते

प्रयोगशाळांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या सतत बाजारात येत असतात. औषध असो, खत असो, रंग असो की पौष्टिक पावडर. मिश्रणातील घटकांचे प्रमाण ठरवणे, चाचण्यांचे निकाल साठवणे आणि हवे तेव्हा ते शोधून काढणे, ही या सॉफ्टवेअरची कामे. अलीकडच्या जाहिरातींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख सर्वांत वर असतो. साध्या भाषेत प्रश्न विचारा, दहा वर्षांपूर्वीचा प्रयोग समोर येईल. हवे ते गुणधर्म सांगा, यंत्र मिश्रण सुचवील. या सोयी उपयोगी आहेत, यात वाद नाही. मात्र बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव-नांदुरा पट्ट्याने जे सोसले ते डोळ्यांसमोर ठेवले, तर जाहिरातीत अगदी तळाशी छापलेल्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या सोयीच अधिक मोलाच्या ठरतात. आकड्यासोबत एकक सक्तीचे करणे, नमुन्याला कायमचा क्रमांक देणे, कोणी कधी काय बदलले याची न पुसता येणारी नोंद ठेवणे, या त्या सोयी.

२०२४ चा डिसेंबर संपता संपता शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस सहज हातात यायचे आणि काही दिवसांत टक्कल पडायचे. जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत १८ गावांतील रुग्णांची संख्या २७९ वर गेली. शेजारच्या नांदुरा तालुक्यातही रुग्ण आढळले. त्यांत कॉलेजात जाणारी मुले-मुली बरीच होती. लाजेपायी काहींनी डोके भादरून घेतले, काहींचे शिक्षण आणि ठरलेले लग्न अडले. एप्रिलमध्ये याच भागात नखे विद्रूप होऊन गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. जीव गेला नाही म्हणून हा आजार लहान ठरत नाही. टक्कल पडलेल्या मुलीला गावात तोंड दाखवणे किती अवघड होते, हे त्या घरांनाच ठाऊक.

पहिला संशय बुरशीवर आणि पाण्यावर गेला. पाण्यावरचा संशय स्वाभाविक होता. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हा भाग येतो आणि इथल्या भूजलातील क्षार हे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुखणे आहे. पाण्याचे नमुने तपासले गेले. त्या दिवसांतील काही बातम्यांत नायट्रेट ५४ आणि मर्यादा १० असे आकडे छापून आले. वाचणाऱ्याला वाटले, पाचपटीहून जास्त विष! प्रत्यक्षात भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. १० ही मर्यादा नायट्रेटमधील फक्त नायट्रोजन मोजला तर लागू होते. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे जेमतेम १० मिलिग्रॅम नायट्रोजन. तेव्हा ५४ हा आकडा नायट्रेटचा असेल तर पाणी मर्यादेच्या थोडे वर आहे, आणि नायट्रोजनचा असेल तर पाचपट वर. आकडा एकच, अर्थ दोन. अहवालात ‘कशाच्या स्वरूपात मोजले’ हा रकाना भरल्याशिवाय निकाल पुढे सरकूच न देणारे सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहे. त्यात कोणतीही जादू नाही. एक रकाना सक्तीचा केला आहे, इतकेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके गावांत आली, वेगवेगळे नमुने घेऊन गेली. दरम्यान, विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे शोध घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले, तर जस्त कमी झालेले होते. त्यांनी बोट दाखवले ते रेशनच्या दुकानातून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हाकडे. पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे शेतीशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलेनियमच्या विषबाधेने लोकांचे केस आणि नखे गळाली होती.

गव्हाचा आकडा असा होता: किलोला १४.५२ मिलिग्रॅम, सामान्य म्हणून धरलेले प्रमाण १.९ मिलिग्रॅम. एखाद्याने दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर पहिल्या गव्हातून त्याच्या पोटात सुमारे २,९०० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाते. प्रौढ माणसाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या सातपट, तेही रोज. आता समजा, नोंद करणाऱ्याकडून ‘मिलि’च्या जागी ‘मायक्रो’ पडले. तोच गहू कागदावर निरुपद्रवी होतो. हजारपटीची चूक एका अक्षराच्या फरकाने होते आणि थकलेल्या माणसाच्या हातून ती कधीही होऊ शकते.

याच अभ्यासाच्या बातम्यांत हा गहू स्थानिक गव्हापेक्षा ६०० पट सेलेनियमयुक्त असल्याचेही छापून आले. १४.५२ ला १.९ ने भागले तर साडेसात पट येते. मग ६०० कुठून आले? दोन्ही तुलना आपापल्या जागी बरोबर असू शकतात; एकीत भाजक ‘सामान्य’ मानलेले प्रमाण आहे, दुसरीत त्या भागात पिकलेला गहू. पण मूळ नोंदी, पद्धत आणि तुलनेचा पाया एका जागी उपलब्ध नसला की चावडीवर दोन आकडे भांडत राहतात. मग ज्याला जो सोयीचा तो उचलतो. एक जण घबराट पसरवतो, दुसरा ‘काही विशेष नाही’ म्हणून हात झटकतो.

सेलेनियमचेच आणखी एक उदाहरण मिश्रणाच्या सॉफ्टवेअरचे महत्त्व दाखवते. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पौष्टिक पूरकाने १० राज्यांतील २०१ जणांना सेलेनियमची बाधा झाली. केस गळाले, नखे बिघडली, जुलाब झाले. बाटलीवरच्या प्रमाणानुसार एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम असायला हवे होते. निघाले सुमारे २०० पट. कारण कोणते गूढ नव्हते, मिश्रण चुकले होते. औषध कंपन्यांना लागू असलेली शिस्त या उत्पादकांना लागू असती, तर हे टळू शकले असते, असे मत अभ्यासकांनी नोंदवले. त्या शिस्तीचे आजचे रूप साधे आहे. वजनकाटा संगणकाला जोडलेला असतो. घटकाच्या डब्यावरील बारकोड वाचल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही. ठरलेल्या मर्यादेबाहेर वजन गेले की काम थांबते. लहान घाणीवरून मोठ्या घाणीकडे जाताना गुणाकार यंत्र करते, आणि जुनी कृती वापरात राहू नये म्हणून तिच्यावर कुलूप पडते. यातल्या प्रत्येक सोयीमागे कुठे तरी झालेली एक चूक आहे.

तरीही सॉफ्टवेअर घेतले म्हणजे सत्य आले, असे नाही. २०१३ मध्ये रॅनबॅक्सी कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर मोजले; त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी सदोष उत्पादन आणि चाचण्यांच्या खोट्या माहितीचा प्रश्न होता. माणसाला खोटे लिहायचे असेल तर तो संगणकावरही लिहितो. सगळ्या प्रयोगशाळेत एकच पासवर्ड वापरला, तर ‘कोणी बदलले’ या नोंदीला अर्थ उरत नाही. चुकीच्या जागेवरून घेतलेला नमुना कितीही चांगल्या प्रणालीत भरला तरी चुकीचाच राहतो. २०२५ मधील छिंदवाड्याची घटना आठवावी. खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक लहान मुले दगावली. आधी तपासलेले काही नमुने निर्दोष निघाले होते. मग तामिळनाडूत तपासलेल्या एका बॅचमध्ये डायथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळले, जिथे मर्यादा ०.१ टक्का आहे. ‘औषध तपासले’ हे वाक्य अपुरे असते. कोणत्या बॅचची कोणती बाटली तपासली, हे त्याला जोडलेले हवे.

नांदुरा-शेगावचा खरा धडा इथेच आहे. रेशनच्या दुकानातील यंत्रावर अंगठा टेकला की कोणत्या कार्डावर किती किलो धान्य गेले याची नोंद होते. दाण्याचा हिशेब किलोपर्यंत ठेवणारी यंत्रणा देशाने उभी केली, ही मोठी गोष्ट आहे. पण गहू खरेदी करताना पाहिले जाते ते ओलावा, काडीकचरा, सुकलेले, तुटलेले, किडलेले दाणे. सेलेनियम त्या यादीत नाही. आणि दुकानात सुटा मोजून दिलेला गहू कोणत्या भागातून आला, हे त्या घरात आजारी पडलेल्या माणसाच्या केसपेपरशी जुळवायची सोय नाही. पाण्याचा अहवाल एका खात्याकडे, रक्ताचा दुसऱ्याकडे, धान्याचा तिसऱ्याकडे. प्रत्येक खात्याचा क्रमांक वेगळा, नमुन्याचे नाव वेगळे, गावाच्या नावाचे स्पेलिंगही वेगळे. अशा वेळी दुवा जुळतो तो एखाद्या चिकाटीच्या डॉक्टरच्या डोक्यात. समाजाचे आरोग्य एका माणसाच्या चिकाटीवर सोडणे हे त्या माणसाचे कौतुक असले तरी व्यवस्थेचे अपयश आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. जिथे तंत्रज्ञ पुरेसे नाहीत, वीज जाते, यंत्र बंद पडले तर दुरुस्तीला शहरातून माणूस बोलवावा लागतो, तिथे महागडे सॉफ्टवेअर काय कामाचे? आक्षेपात तथ्य आहे. सरकारी खरेदीत चकचकीत पडदे घेतले जातात आणि वर्षभराने त्यावर धूळ बसते, हे नवे नाही. पण इथे मागणी महागड्या सॉफ्टवेअरची नाहीच. एकक, पद्धत, मर्यादा आणि तिचा आधार, नमुना कुठून, कोणी, कधी घेतला. एवढे रकाने सक्तीचे करायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. पाणी, धान्य आणि रुग्ण यांच्या नमुन्यांना एकाच गावसंकेतांकाने बांधायला फार मोठा निधीही लागत नाही. लागतो तो खात्याखात्यांतील करार आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूस. पायाच पक्का नसेल, तर वर बसवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता चुकीच्या आकड्यांवरून आत्मविश्वासाने चुकीची उत्तरे देईल, आणि ते जास्त धोक्याचे.

पाया पक्का असेल तर मात्र याच नव्या सोयी खरोखर कामाला येतील. एका तालुक्यात काही दिवसांत केस गळण्याच्या तक्रारी वाढल्या, त्या घरांत एकाच खेपेचा गहू गेला आणि तो सेलेनियमयुक्त जमिनींच्या पट्ट्यातला होता, ही तीन टोके जोडून धोक्याची सूचना देणे यंत्राला अवघड नाही. त्या पट्ट्यातून येणाऱ्या धान्याचे काही नमुने पाठवण्याआधीच तपासले, तर सूचनेची वेळही येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत नसते. ज्याचे रक्त घेतले, केस घेतले, ज्याच्या घरातला मूठभर गहू पिशवीत घालून नेला, त्याला निकाल मिळाला पाहिजे. त्याच्या भाषेत, एककासह, आणि ‘आता काय करायचे’ या ओळीसह. मोजणीचा पहिला हक्क, ज्याला मोजले त्याचा. नव्या प्रणालीची निवड करणाऱ्या अधिकाऱ्याने विक्रेत्याला आधी हेच विचारावे: या अहवालाची मराठी प्रत गावातल्या रुग्णाच्या हातात किती दिवसांत पडेल?