जामिनाची अट इंग्रजीत का?

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामेभावाला जामीन मिळाला. आदेश दोन पानांचा, सगळा इंग्रजीत. पोरगा घरी आला, मामांना आणखी काही नको होते. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याची अट त्यातच होती. वकिलांनी ती घाईत सांगितली असेल, नसेलही. तीन रविवार चुकले आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज आला. मग झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने तो आदेश मराठीत वाचून दाखवला. अट ज्याने पाळायची त्यालाच ती वाचता येऊ नये, हे आपणांस पटते का?

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने शासनानेच जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, हे आपण जाणता. जळगाव-धुळ्यातली माणसे घरी अहिराणी बोलतात, मराठी वाचतात. तरी त्यांच्या नशिबाचा कागद इंग्रजीतच येतो. मराठीत आदेश लिहायला मराठी लघुलेखक लागतात; त्यांच्या किती जागा आपण मंजूर केल्या? शब्द नाहीत म्हणावे, तर फिर्याद, पंचनामा, जातमुचलका आमच्या आजीलाही ठाऊक होते. उरलेल्यांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आमच्या हातातला कागद बदलला का?

१९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्ध माणसाने आपल्या स्थानबद्धतेची कारणे हिंदीत मागितली होती. शासनाने इंग्रजीवरच बोट ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या माणसाला सोडले, कारण न समजणाऱ्या भाषेत कारणे देणे म्हणजे ती न देणेच. तेव्हा हरलेले शासन महाराष्ट्राचेच होते. तो धडा आपल्या विभागात कुणाच्याच लक्षात राहिला नाही का?

आमच्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी कैद्यांना गीता मराठीतून समजावली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याच गावातल्या आजच्या आरोपीला स्वतःचा जामिनाचा आदेश तरी मराठीत मिळू नये? तो आदेश अर्ज न करता, त्याच दिवशी हाती पडावा, एवढेच मागणे आहे.

मामेभावाची पुढची तारीख जवळ आली आहे. त्या दिवशीचा आदेश कोणत्या भाषेत असेल, हे आपण आज सांगू शकाल का?

आपला,
खानदेशातील एक नागरिक