खापर प्लेटिंगच्या माथी

ग्राहकाचे ऑडिट जवळ आले की मशीनपाशी कंट्रोल चार्ट झळकू लागतात. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही चालते, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो एकाच लाइनवरचे चार्ट एकमेकांशी अबोला धरून बसतात त्याबद्दल.

हायड्रॉलिक सिलिंडरचा पिस्टन रॉड घ्या. आधी ग्राइंडिंग, मग हार्ड क्रोम प्लेटिंग. शेवटचा व्यास म्हणजे ग्राइंडिंगचा व्यास अधिक दोन्ही बाजूंचा थर. समजा, ग्राइंडिंगचे प्रमाण विचलन ४ मायक्रॉन आहे आणि प्लेटिंगची त्यात ३ मायक्रॉनची भर. दोन्ही स्वतंत्र असतील तर शेवटच्या व्यासाचे विचलन ५ येते, कारण बेरीज वर्गांची होते. आता रेक्टिफायरचा करंट घसरला आणि व्यास ३ मायक्रॉनने उतरला. शेवटच्या चार्टला हा बदल जेमतेम ०.६ सिग्मा. एकेका रॉडचे रीडिंग टिपत असाल, तर ३ सिग्माच्या रेषेबाहेर बिंदू पडेपर्यंत सरासरी १२० रॉड निघून जातात. त्याऐवजी प्लेटिंगनंतरच्या व्यासातून आधीचा वजा करून त्या फरकाचा चार्ट ठेवा. तोच बदल १ सिग्माचा होतो आणि साधारण ४४ रॉडांत पकडला जातो.

उलटी गंमत तर रोजचीच. बिघाड ग्राइंडिंगचा, बोंब मारतो शेवटचा चार्ट, सुपरवायझर झापतो प्लेटिंगवाल्याला. तो बिचारा करंट वाढवतो, आणि मग दोन्ही स्टेशने बिघडतात. फरकाचा चार्ट मात्र अशा वेळी शांत असतो. त्याच्याकडे कोणी बघितले तर.

यात नवे काही नाही. चीनमधील झांग गोंगशू यांनी १९८० च्या दशकात हाच विचार मांडला. आधीच्या टप्प्याचा परिणाम पुढे जसाच्या तसा न येता कमी-जास्त प्रमाणात येतो, तिथे नुसती वजाबाकी पुरत नाही. रिग्रेशनने अपेक्षित मूल्य काढून त्यापासूनचा फरक बघावा लागतो. डग्लस हॉकिन्स यांचे १९९१ चे काम याच दिशेचे. सरसकट चार्ट वाढवणे हा उपाय नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेले २० चार्ट लावले, तर सगळे सुरळीत असतानाही दर शंभर फेऱ्यांतल्या पाचेक फेऱ्यांत कुठला तरी चार्ट उगाच ओरडतो. मग ऑपरेटर खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करू लागतो.

वजाबाकीची किंमतही मोजावी लागते. मायक्रोमीटरची चूक त्यात दोनदा शिरते. म्हणून गेजची तपासणी एका रीडिंगवर न करता या फरकावर करा.

आणि रॉडची जोडी जुळली पाहिजे. ग्राइंडिंगचे रॉड ट्रेमध्ये एकत्र टाकले की कुठला व्यास कोणाचा हे कायमचे हरवते, मग सॉफ्टवेअर कितीही महागाचे असो. आट्यांचे टोक प्लेटिंगच्या वेळी झाकलेले असेल, तर नंबर तिथेच पंच करा, आणि तोही ग्राइंडिंगच्या आधी.