कागदावरील जकात आणि छोटी वृत्तपत्रे

अंदाजपत्रक मांडले गेले की आयकराच्या मर्यादेवर चार दिवस चर्चा चालते, सोने आणि पेट्रोल यांच्या दरांवर आणखी दोन दिवस. आयात जकातीचे दरपत्रक मात्र कोणी उघडून पाहत नाही. ते व्यापाऱ्यांचे आणि कस्टम कचेरीतील कारकुनांचे बाड आहे, असे समजून राजकीय कार्यकर्तेही ते बाजूला सारतात. वस्तुतः राज्यकर्त्यांना कोणाची काळजी आहे आणि कोणाची नाही, याचा उलगडा भाषणांपेक्षा या दरपत्रकातून अधिक स्पष्टपणे होतो. कागदाचे उदाहरण घेतले तरी हे पटण्यासारखे आहे.

१९७५ च्या कायद्यान्वये तयार झालेल्या आणि १९८६ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या साच्यात बसवलेल्या दरपत्रकाचे अठ्ठेचाळिसावे प्रकरण कागद व पुठ्ठा यांना वाहिलेले आहे. त्याच्या प्रारंभीच वृत्तपत्री कागदाची व्याख्या येते. त्यातील निम्मे तरी तंतू यांत्रिक पद्धतीने केलेल्या लाकडाच्या लगद्याचे असावेत, कागदावर मुलामा नसावा, खळ नसावी किंवा अगदी हलकी असावी, पृष्ठभाग ठरावीक मर्यादेपेक्षा खरखरीत असावा आणि वजन दर चौरस मीटरला ४० ते ६५ ग्रॅम असावे. या कसोट्यांना उतरला तो वृत्तपत्री कागद. न उतरला तो पुढच्या शीर्षकाखाली, लिहिण्या-छापण्याच्या कागदात जातो. मुलामा दिलेल्या कागदाचे शीर्षक आणखी वेगळे.

तंतूंचे प्रमाण आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा हे प्रयोगशाळेत मोजण्याचे विषय आहेत, आणि त्यांत राजकारण शोधणे वेडेपणाचे ठरेल. राजकारण सुरू होते ते पुढच्या पायरीवर. कागद मोजून झाल्यावर तो कोण वापरणार, हे पाहायचे की नाही? सवलत द्यायची ती कागदाच्या जातीला की वापरणाऱ्याच्या ऐपतीला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने एकदा दिले होते आणि मग ते विसरून टाकले.

वृत्तपत्री कागदावर बराच काळ जकात नव्हती. १९८१ साली ती बसवण्यात आली, तेव्हा पत्रांचे खपानुसार तीन वर्ग केले गेले. १५ हजारांपर्यंत खप असलेल्या छोट्या पत्रांना पूर्ण माफी, ५० हजारांपर्यंतच्या मध्यम पत्रांना ५ टक्के आणि त्यापुढील मोठ्यांना १५ टक्के अशी ती रचना होती. मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९८४ मध्ये न्यायालयाने जकातीच्या बोजाचा फेरविचार करण्यास सरकारला सांगितले. परंतु छोटे-मोठे हा भेद समतेच्या तत्त्वाविरुद्ध जातो, हा मुद्दा मान्य केला नाही. असमानांना समान वागवणे म्हणजे समता नव्हे, हे तत्त्व कागदाच्या बाबतीतही टिकले.

सरकारी हस्तक्षेप नेहमीच छोट्यांच्या हिताचा असतो, असा याचा अर्थ नाही. पानांच्या संख्येवरून किंमत ठरवणारा हुकूम १९६१ साली पुण्याच्या ‘सकाळ’ने लढवलेल्या दाव्यात रद्द झाला. दहा पानांची मर्यादा घालणारे १९७२ चे कागद-धोरणही न्यायालयाने मोडीत काढले. दोन्ही वेळी सरकारने छोट्या पत्रांचा कैवार सांगितला होता. मात्र साधन निवडले ते मोठ्यांची पाने कापण्याचे. पाने मोजणारा हात उद्या मजकूरही मोजू लागेल, ही भीती निराधार नव्हती. क्रमवार जकातीत तो धोका नाही. कोणी किती पाने छापावीत हे ती सांगत नाही. बोजा ऐपतीप्रमाणे वाटते, एवढेच.

आता अलीकडचे पाहा. जुलै २०१९ च्या अंदाजपत्रकाने शून्यावर असलेली जकात एकदम १० टक्के केली. ओरड झाल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. दोन्ही वेळा दर सर्वांना सरसकट. लाखांनी खपणारे मुंबईचे इंग्रजी दैनिक आणि तालुक्याच्या गावातून निघणारे चार पानी पत्र एकाच रांगेत उभे केले गेले. मोठे दैनिक परदेशी गिरणीशी थेट करार करते आणि त्याचा खर्च जाहिरातींतून निघतो. छोट्या पत्राला दलालाकडून, त्याच्या भावाने आणि बहुधा रोखीने कागद घ्यावा लागतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने कागदाचे भाव भडकले, तेव्हा एकाच दराचा फटका दोघांना सारखा बसला नाही.

सोलापूरला हा प्रश्न परका वाटू नये. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा ज्या शहराच्या एकाच पेठेत ऐकू येतात, तेथे राजधानीचे एक मोठे पत्र सर्वांचे मुखपत्र होऊ शकत नाही. विडी कामगाराच्या मजुरीची, यंत्रमागावरील पाळीची, नळाला चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची बातमी स्थानिक पत्रच छापते. १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. असल्या पत्राला परकीय सत्तेने फासावर चढवले; स्वकीय सत्तेने ते कागदाच्या बिलाने मारावे, हे शोभणारे नाही.

जकात उठवली तर देशी कागद गिरण्यांचे आणि तेथील कामगारांचे काय, असा प्रश्न विचारला जाईल. तो रास्त आहे. नेपानगरची गिरणी १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली ती परावलंबन संपावे म्हणूनच. परंतु संरक्षणाचा भार सर्वांत दुबळ्या ग्राहकावर टाकण्याचे कारण नाही. मोठ्या पत्रांवरील जकात कायम ठेवून छोट्यांना माफी दिली, तर एकूण आयातीतील त्यांचा वाटा लहान असल्याने गिरण्यांचे फारसे बिघडत नाही.

पत्रांपेक्षाही पुस्तकांची स्थिती चमत्कारिक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा करात बदल झाले. शाळेची वही करमुक्त झाली आणि तिच्या कागदावरील करही शून्य झाला. हे स्वागतार्हच आहे. पण छपाईच्या इतर कागदावरील कर १२ वरून १८ टक्के झाला. पुस्तक करमुक्त असल्याने प्रकाशकाला कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; तो पुस्तकाच्या किमतीत मुरतो. सवलतीचा करार नसलेल्या देशातून १०० रुपयांचा असा कागद आणला, तर १० रुपये जकात, तिच्यावर १ रुपया अधिभार आणि या १११ रुपयांवर १८ टक्के कर मिळून सुमारे ३१ रुपये सरकारजमा होतात. तोच कागद वहीसाठी आणला तर ११. विद्यार्थ्याची कोरी वही स्वस्त आणि तिच्याशेजारी ठेवायचे पुस्तक महाग, अशी ही व्यवस्था आहे.

मागण्या तीनच आहेत. १९८१ चे क्रमवार तत्त्व पुन्हा आणून छोट्या पत्रांच्या कागदाला जकातमाफी द्यावी. वहीच्या कागदाला दिलेली करमाफी पुस्तकाच्या कागदालाही लागू करावी. आणि छोट्या पत्रांनी सहकारी संस्था काढून एकत्र आयात केली, तर त्या संस्थेला मोठ्या आयातदाराइतक्याच सुलभ अटींवर सवलत मिळावी. सहकाराची परंपरा असलेल्या सोलापूर जिल्ह्याला हे अवघड नाही. यासाठी घटनेत दुरुस्ती नको, नवा कायदा नको. जकातीला अर्थखात्याची एक अधिसूचना पुरे, करासाठी जीएसटी परिषदेचा एक ठराव. पुढचे अंदाजपत्रक येण्यापूर्वी जिल्ह्यातील मुद्रक, संपादक आणि ग्रंथालयांचे कार्यकर्ते यांना एकत्र आणून ही मागणी खासदारांच्या दारी नेणे, हे काम कार्यकर्त्यांच्या हातचे आहे.